अकराशे चाळीस दारांचं घर

मंगळवारी सकाळी सव्वानऊला थोरल्या बहिणीचा, कुंदाचा, फोन आला, तेव्हा विशाखा डोंगरवार नियंत्रण कक्षातल्या खुर्चीत नुकती कुठे टेकली होती.

"विशू, तुझ्या भाऊजीची मशीन सुरू होऊन नाही राहिली."

"पडद्यावर काय येतंय, ताई?"

"परवानगीची प्रतीक्षा. अर्ध्या तासापासून तेच. पायाले सूज आहे, वजन तीन किलोनं वाढलं आहे. नर्सबाई काही दिसतच नाही."

"भिंतीवरचा डबा बंद कर, दहा मिनिटांनी चालू कर. होईल," विशाखा म्हणाली आणि मासिक अहवालाची फाईल उघडली.

दिवसातून वीस जणांना ती हेच सांगायची. वैनगंगा नवनगर वसून जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि त्या शहराच्या इंटरनेट-जाळ्याची आखणी विशाखाने केली होती. कोणत्या रस्त्याखालून कोणती तार जाते, कोणत्या घराला कोणता पत्ता मिळतो, हे तिला तोंडपाठ होतं. त्या दहा मिनिटांबद्दल पुढे तिला फार वाईट वाटलं. पण चूक त्या दहा मिनिटांत झालेली नव्हती. ती दोन वर्षांपूर्वीच होऊन गेली होती.

मशीन होती डायलिसिसची. कुंदाचे यजमान, देवाजी लांजेवार, बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत फावडा-यंत्र चालवत होते. तीन मजली घराएवढं ते धूड ते एका हाताने वळवायचे आणि दुसऱ्या हाताने तंबाखू मळायचे. पन्नाशीत मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर खेपेला चार तास, रक्त यंत्रातून धुऊन घ्यायचं. हे आता घरीच होत असे. दवाखान्यातली परिचारिका पडद्यावरून रोग्याचं वजन, रक्तदाब, सुईची जागा तपासायची आणि मग इकडची मोटर सुरू व्हायची. तिने परवानगी दिल्याशिवाय मशीन हलायची नाही. नियम रास्त होता. घरोघरी मशीन आल्या म्हणून नवनगरच्या दवाखान्यातला डायलिसिसचा कक्ष मात्र आटला. चाळीस मशीनच्या चार उरल्या.

साडेदहाला कुंदाचा पुन्हा फोन आला. आवाज बदललेला होता.

"आपलीच नाही, साऱ्या सेक्टरच्या बंद आहेत. एकोणीस मशीन. खालच्या मडावीबाईची आहे, वरच्या मास्तरांची आहे. आणि राशनच्या दुकानाचंही यंत्र अंगठा घेऊन नाही राहिलं. तू म्हणतेस डबा बंद कर. किती खेपा करू?"

विशाखाने पडद्याकडे पाहिलं. सेक्टर एकवीसच्या सगळ्या तारा हिरव्या होत्या. माहिती बाहेर जात होती, दवाखान्याच्या दारापर्यंत पोचत होती, आणि दारातून परत फिरत होती. उत्तर एकच: पत्ता अविश्वासार्ह, प्रवेश नाही.

तिने आपला आराखडा उघडला. सेक्टर एकवीस. कोळशाच्या खाणीसाठी उठवलेल्या गावांचं पुनर्वसन तिथे झालं होतं. तीन इमारती, अकराशे चाळीस घरं. पत्त्यांचा रकाना तिने दोनदा वाचला.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. हा पत्ता म्हणजे एकशे अठ्ठावीस अंकांची रांग, आणि त्यातला प्रत्येक अंक शून्य किंवा एक. टपालाच्या पत्त्यात गाव आणि गल्ली वाट दाखवतात आणि नाव माणूस ओळखतं, तसंच इथेही पुढचे अंक वाट दाखवतात, मागचे अंक यंत्र ओळखतात. वाट कुठे संपली हे सांगायला पत्त्यामागे तिरकी रेघ ओढून एक आकडा लिहितात. त्याला उपसर्गाची लांबी म्हणतात. छप्पन लिहिलं तर पहिले छप्पन अंक जाळं चालवणाऱ्याने ठरवून दिले आणि उरलेले बहात्तर घेणाऱ्याचे. चौसष्ट लिहिलं तर घेणाऱ्याच्या हाती चौसष्टच उरले. आकडा मोठा, वाटा लहान.

जगाचा रिवाज असा, की शेवटचे चौसष्ट अंक एकाच जाळ्यातल्या यंत्रांसाठी राखायचे. म्हणून ज्याला छप्पन मिळालं त्याच्याकडे मधले आठ अंक मोकळे राहतात. त्यांतून त्याला दोनशे छप्पन वेगवेगळी जाळी करता येतात. एकात डायलिसिसची मशीन, दुसऱ्यात टीव्ही, तिसऱ्यात पाहुण्यांचे फोन, आणि मध्ये भिंती. ज्याला चौसष्ट मिळालं त्याला एकच जाळं, जशी एकच खोली. त्या खोलीत अठरावर अठरा शून्यं इतकी यंत्रं मावतील, पण भिंत एकही नाही.

विशाखाच्या मूळ आराखड्यात शहरातल्या प्रत्येक घराला एक छप्पन होतं. सेक्टर एकवीसच्या रकान्यात चौसष्ट होतं. प्रत्येक घराला चौसष्ट, असंही नाही. अकराशे चाळीस घरांना मिळून एक.

आणि बाहेरचं जग एका चौसष्टाला एक घर समजत होतं. चार वर्षांपूर्वी काही दवाखान्यांची यंत्रं दुरून बंद पाडली गेली, माणसं दगावली, आणि त्यानंतर 'पारख' आली. दवाखाने, बँका, राशनची दुकानं, परीक्षा मंडळं, सगळी दार उघडण्याआधी पारखेला विचारत. हा पत्ता सभ्य आहे का? यंत्रं आपले शेवटचे अंक दर काही तासांनी बदलतात, म्हणून एकेका यंत्राचं चारित्र्य पाहण्यात अर्थ नसतो. पारख पहिले चौसष्ट अंक पाहायची आणि त्यामागे जे कोणी असेल त्या सगळ्यांना एकच गुण द्यायची. एका घरात एक यंत्र बिघडलं तर ते घर बंद. घरमालकाने ते काढावं, चोवीस तासांनी पुन्हा तपासणी.

विशाखाने दवाखान्याच्या तांत्रिक मदतीला फोन लावला. यंत्राचा आवाज आला, गोड आणि स्वच्छ मराठीत.

"आपल्या घरातील सदोष उपकरण कृपया बंद करा. चोवीस तासांनी आपल्या घराची फेरतपासणी होईल."

"हे घर नाही. हा सेक्टर आहे. अकराशे चाळीस दारं आहेत."

"आपल्या घरातील सदोष उपकरण कृपया बंद करा."

"मला माणसाशी बोलायचंय."

"माणसाशी बोलण्यासाठी कृपया नोंदणीकृत, विश्वासार्ह पत्त्यावरून विनंती पाठवा."

तिने फोन टेबलावर आपटला नाही, हळूच ठेवला. आपटला असता तर फुटला असता आणि तो तिला लागणार होता.

बिघडलेलं यंत्र तिला अर्ध्या तासात सापडलं. 'ब' इमारतीतल्या सातव्या मजल्यावरच्या एका दारावरचा घंटी-कॅमेरा. तो काल दुपारपासून जगभर कचरा फेकत होता. तिने त्याची जोडणी तोडली. पाच मिनिटांत 'क' इमारतीतला दुसरा तसाच कॅमेरा सुरू झाला, मग 'अ'मधले दोन. हे कॅमेरे नवनगर प्राधिकरणाने पुनर्वसनाची भेट म्हणून प्रत्येक दारावर स्वतः बसवून दिले होते. अकराशे चाळीस, एकाच बनावटीचे. भिंती नसलेल्या खोलीत एकाची साथ दुसऱ्याला लागत होती. ती एक तोडत होती, दोन उठत होते. आणि प्रत्येक नव्या कॅमेऱ्यागणिक पारखेचे चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले जात होते.

मोबाईलवरून जोडायचा विचार तिने केला आणि लगेच सोडला. मध्येच संपर्क तुटला तर रोग्याच्या जिवावर बेततं, म्हणून दवाखाना फक्त नोंदलेली तार मानायचा. मार्ग एकच होता. प्रत्येक घराला त्याचं छप्पन द्यायचं. मग पारखेला अकराशे चाळीस वेगळी घरं दिसली असती, त्यांतली पाच-पंचवीस वाईट, बाकीची स्वच्छ.

ती विभागप्रमुख राजंदेकरांच्या खोलीत गेली. राजंदेकर पंचावन्नचे, शांत स्वभावाचे, कधीही आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"समिती गुरुवारी बसते. प्रस्ताव टाक."

"सर, शनिवारी त्यांचं शेवटचं डायलिसिस झालंय. तीन दिवस झाले. गुरुवारपर्यंत एकोणीस माणसं काय करणार?"

"दवाखाना आहे की."

"दवाखान्यात चार मशीन आहेत. सर, हे चाळीस मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे छप्पनाचे एक कोटी सदुसष्ट लाख वाटे पडून आहेत. उभ्या शहराला वाटले तरी शंभरातले दीड संपतात. सेक्टर तीनच्या बंगल्यांना आपण अठ्ठेचाळीस दिलंय. एकेका बंगल्यात पासष्ट हजार जाळी मावतात. तिथे बागेतल्या नळालासुद्धा स्वतंत्र जाळं आहे."

"पत्ते कमी आहेत असं मी कुठे म्हटलं?"

"मग अडचण काय आहे?"

राजंदेकरांनी चष्मा काढून पुसला. "ती मंडळी इथे यायच्या आधी, गावं उठवली तेव्हा, रस्त्यावर बसली होती. कोळशाच्या गाड्या तीन दिवस अडवल्या. एकमेकांना क्षणात निरोप पाठवत होते, एकाच वेळी चार ठिकाणी जमत होते. प्राधिकरणाचं म्हणणं पडलं, की तो सेक्टर गरज पडल्यास एका ओळीत बंद करता यायला हवा. अकराशे ओळी लिहीत कोण बसेल? आणि हे तुला नवीन नाही. आराखड्यात लिहिलेलं होतं. खाली सही तुझी आहे."

गाड्या कुठे लावायच्या याबद्दल बोलावं, तशा आवाजात ते बोलत होते.

विशाखा आपल्या खुर्चीत परत आली आणि दोन वर्षांपूर्वीची फाईल काढली. बारा नंबरच्या पानावर बारीक अक्षरात टीप होती: से. २१ एकत्र ठेवणे, प्राधिकरणाची सूचना. त्या दिवशी तिने ती वाचली होती, राजंदेकरांना विचारलंही होतं. ते म्हणाले होते, तात्पुरतं आहे, माणसं राहायला आली की बदलू. मुख्य नियोजक म्हणून तिच्या नावाची शिफारस त्याच आठवड्यात गेली होती. तिने सही केली होती. पुढे महिन्याभरात तिची सख्खी बहीण त्याच सेक्टरमध्ये राहायला आली, आणि तरी तिने तो आकडा बदलला की नाही ते पाहिलं नाही. तिच्या संतापाला जायला दोन वाटा होत्या. एक राजंदेकरांच्या खोलीकडे जात होती. दुसरी तिच्या स्वतःच्या सहीकडे.

संध्याकाळी पाचला तिने देवाजींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यांना धाप लागली होती, तरी तोंड चालू होतं.

"साळीबाई, खाणीतलं माझं यंत्र बंद पडलं तर मी खाली उतरून लाथ घालत होतो. तुमच्या यंत्राले लाथ कुठं घालाची तेवढं सांग."

ती हसली नाही. एरवी हसली असती.

दवाखान्याच्या मार्गिकेत बाकांवर सेक्टर एकवीसची माणसं बसली होती. संध्याकाळी चारही मशीनवर आधीचे, वॉर्डातले गंभीर रोगी होते. बाहेरच्यांचे नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून लागणार होते. दारावर यादी चिकटवली होती. देवाजींचा नंबर अकरावा होता. एका खेपेला चार माणसं, खेप चार तासांची, मग यंत्राची सफाई. म्हणजे त्यांची पाळी बुधवारी संध्याकाळी पाचनंतर.

डॉक्टर खोब्रागडे विशाखाच्या कॉलेजातले. तिने त्यांना बाजूला घेतलं. काय बोलली ते तिला नंतर शब्दशः आठवत होतं.

"संदेश, कसंही कर. सकाळच्या पहिल्या खेपेत घे."

"विशाखा, सगळ्यांचीच हालत वाईट आहे."

"मी तुला कधी काही मागितलंय?"

खोब्रागडे आत गेले. बुधवारी सकाळी दारावर नवी यादी होती. देवाजींचा नंबर चौथा होता.

आठ वाजता देवाजींना आत घेतलं. विशाखा आणि कुंदा बाहेर बसल्या. समोरच्या बाकावर पार्वताबाई मडावी भिंतीला टेकून बसल्या होत्या, वय त्रेसष्ट, पाय सुजून खांबासारखे झालेले. शेजारी त्यांची मुलगी शेवंता. ती सेक्टरच्या पाणी-पंपावर नोकरीला होती आणि अंगावर कामाचा निळा सदरा तसाच होता.

"मावशी, नंबर कितवा?" कुंदाने विचारलं.

"काल चौथा होता," शेवंता म्हणाली. "आज पाचवा केला. नर्स म्हणते लिहिणाऱ्याचं चुकलं असेल."

कुंदाने विशाखाकडे पाहिलं. विशाखा फोनमध्ये बघत राहिली. फोनवर काहीच नव्हतं.

अकरा वाजता पार्वताबाई म्हणाल्या, छातीत धडधडतं आहे. शेवंता धावत आत गेली. परिचारिका आली, तिने नाडी धरली, स्ट्रेचर मागवलं. रक्त धुतलं गेलं नाही की त्यात पोटॅशियम साचत जातं. वरून माणूस थकलेला दिसतो, एवढंच. मग ते हृदयाची लय मोडतं. अकरा चाळीसला, मशीन रिकामी व्हायला वीस मिनिटं उरलेली असताना, पार्वताबाई मार्गिकेतच गेल्या. डॉक्टर खोब्रागडे त्यांच्या छातीवर दाब देत होते आणि विशाखा त्यांच्या पाठीकडे पाहत होती. त्यांनी एकदाही मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही.

बाराला देवाजी बाहेर आले. चेहऱ्यावर तरतरी होती, पाय हलके झाले होते. बाकाशेजारी पांढऱ्या चादरीखालचं स्ट्रेचर त्यांनी पाहिलं, शेजारी खाली बसलेली शेवंता पाहिली.

"पार्वताबाई?"

शेवंताने मान हलवली.

"नंबर कितवा होता, बाई, यायचा?"

"चौथा होता. मग पाचवा झाला."

देवाजींनी आतल्या चार मशीनकडे एकवार पाहिलं. मग ते विशाखाकडे वळले. गंमत करायची त्यांची सगळी तऱ्हा गळून पडली होती.

"मंग माझा कितवा होता, विशू?"

"अकरावा."

"तू सांगितलं?"

"हो, भाऊजी."

त्यांनी पायात चपला सरकवल्या, शेवंताजवळ गेले, तिच्या शेजारी जमिनीवर बसले. कुंदा म्हणाली, चला, विशू गाडी घेऊन आली आहे. ते म्हणाले, "तू जा. मी यायच्यासंगं जातो." आणि पार्वताबाईंना घेऊन जाणाऱ्या गाडीत, मागच्या फळीवर, ते शेवंतासोबत बसून गेले.

विशाखा सरळ कार्यालयात आली. दुपारचे पावणेदोन वाजले होते. नियंत्रण कक्षात सहा जण कामावर होते. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सेक्टर एकवीसला मी आता वेगवेगळे पत्ते देणार आहे. हे माझं एकटीचं काम आहे. कुणी मदत करू नका आणि कुणी अडवूही नका."

मग तिने बदलांची नोंदवही उघडली. जाळ्यातला कोणताही बदल करण्याआधी तिथे कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं: पार्वताबाई मडावी, वय ६३, आज सकाळी ११.४० वाजता मृत्यू. आणखी दहा रोगी रांगेत. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

काम अवघड नव्हतं, आणि तिला सर्वांत जास्त राग त्याचाच येत होता. छप्पनाचे अकराशे चाळीस वाटे कोठारातून उचलायचे, एकेका घराच्या तारेवर बांधायचे, प्रत्येक घरात दोन जाळी पाडायची, वैद्यकीय यंत्रं एकीकडे, कॅमेरे दुसरीकडे. आज्ञांची फाईल तिने पंचवीस मिनिटांत लिहिली. जगात एवढ्या पत्त्यांची लयलूट होती, की नदीतल्या वाळूला वाटले तरी उरले असते. आणि त्यांतले मूठभर सेक्टर एकवीसला द्यायला लागणार होती एक फाईल.

सव्वादोनला राजंदेकर कक्षात आले. त्यांना कुणीतरी कळवलं असणार.

"विशाखा, काय करते आहेस?"

"छप्पन देते आहे."

"समितीची मंजुरी नाही."

"नाही."

"तू आत्ता थांबलीस तर मी हे खात्यातल्या खात्यात मिटवीन. पुढे गेलीस तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"सर, तुमच्या हातात काल होतं."

"तुझी नोकरी जाईल. फौजदारी होईल. हा शहराच्या सुरक्षेचा—"

"एक बाई बाकावर बसल्या बसल्या मेली," विशाखा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर दाबून धरले होते. "तिच्या दारावर तुम्ही कॅमेरा बसवला. तिच्या शेजाऱ्याच्या दारावर बसवला. मधली भिंत काढून टाकली. आणि तो कॅमेरा बिघडला म्हणून तिला दवाखान्याचं दार बंद. ती कशाच्या आड येत होती सांगा मला. कोळशाच्या? वीस पावलं चालता येत नव्हतं तिला. तिला एका ओळीत बंद करायचं तुम्ही ठरवलं आणि मी खाली सही केली. आता मी अकराशे चाळीस ओळी लिहिल्या आहेत. तुम्हाला बंद करायचं तर बसून एकेक ओळ पुसा."

तिने कळ दाबली.

आज्ञा एकेका घराकडे जाऊ लागल्या. दोन चाळीसला शेवटची गेली. पारखेला नवे पत्ते दिसायला आणखी सात मिनिटं लागली. मग सेक्टर एकवीस नावाचा तिच्या पडद्यावरचा एक लाल ठिपका फुटला आणि त्याच्या जागी बारीक ठिपक्यांचं शेतच उगवलं. एक्केचाळीस लाल होते, जिथे कॅमेऱ्यांना साथ लागली होती. बाकी सगळे स्वच्छ. आणि त्या एक्केचाळीस घरांतही लाल झालं होतं ते कॅमेऱ्याचं जाळं, मशीनचं नाही.

कुंदाचा फोन आला. "वरच्या मास्तरांची मशीन सुरू झाली. नर्सबाई दिसते आहे." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तू कालच काऊन नाही केलं, विशू?"

काल ती प्रस्ताव लिहीत होती, फोन लावत होती, ओळखी वापरत होती. काल तिला नोकरी हवी होती.

त्याच संध्याकाळी ती निलंबित झाली. दुसऱ्या दिवशी प्राधिकरणाने आदेश काढला, की सेक्टर एकवीसची मूळ व्यवस्था पूर्ववत करावी. पण नियंत्रण कक्षातल्या सहांपैकी एकालाही ती फाईल लिहायची नव्हती. ज्याला सांगावं तो नोंदवहीतलं कारण वाचायचा आणि रजेचा अर्ज टाकायचा. तोवर शेवंताने तक्रार दाखल केली होती. सेक्टरची माणसं पुन्हा रस्त्यावर बसली आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. निवृत्त न्यायाधीश असलेल्या चौकशी अधिकारी बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की निकाल लागेपर्यंत त्या घरांच्या पत्त्यांना कुणी हात लावायचा नाही.

देवाजी त्या दिवसापासून विशाखाशी बोलले नाहीत. ती घरी गेली की ते उठून आतल्या खोलीत जात. कुंदा चहा करायची, दोघी समोरासमोर बसायच्या, आणि आतून मशीनचा संथ आवाज येत राहायचा. एकदा विशाखाने दाराशी उभी राहून विचारलं, "भाऊजी, तुम्ही माझ्या जागी असता तर?" ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "मी तुझ्या जागी नव्हतो. मी पार्वताबाईच्या जागी होतो." साक्षीपर्यंतच्या दोन महिन्यांत त्यांच्याकडून तिला मिळालं ते एवढंच.

तिच्या साक्षीचा दिवस जिल्ह्याच्या गावी, जुन्या सभागृहात होता. पंखे फिरत होते. सेक्टरमधली शंभरेक माणसं मागे बसली होती. देवाजी आले होते, शेवंताच्या शेजारच्या खुर्चीवर. प्राधिकरणाच्या वकिलाने पान बारा पुढे केलं.

"ही सही तुमची?"

"माझी."

"टीप वाचून केली होती?"

"वाचून केली होती."

"म्हणजे या रचनेला जबाबदार तुम्ही."

"मी आहे. टीप कुणी लिहायला लावली, का लावली, ते राजंदेकर साहेबांनी मला मंगळवारी दुपारी सांगितलं. तेही मी आता सांगते. आणि दवाखान्यातली यादी बदलायला मी सांगितलं. ते तुमच्या कागदात नाही. तेही लिहून घ्या."

मागे कुजबुज झाली. डॉक्टर खोब्रागडे पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. ती तासभर बोलली. एकही शब्द मऊ केला नाही, ना राजंदेकरांसाठी, ना स्वतःसाठी. राग अजून तसाच होता, फक्त आता त्याला नावं, तारखा आणि पानांचे नंबर होते. वकील आक्षेप घेत राहिले आणि अधिकारी बाई हाताने त्यांना बसवत राहिल्या.

शेवटी त्यांनी विचारलं, तक्रारदाराला काही विचारायचं आहे का. शेवंता उठली. ती वकिलाकडे गेली नाही, सरळ विशाखासमोर येऊन उभी राहिली. त्या दिवसानंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या.

"मले ते बिट-फिट नाही समजत," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता, रेघेच्या पुढे चौसष्ट लिहिलं होतं."

"हो."

"तिथं काय लिहायला पायजे होतं?"

"छप्पन. आणि ते घराघराला वेगळं."

"अकराशे घरांचं लिहायला किती वेळ लागते?"

"चाळीस मिनिटं. त्यातलं बरंचसं यंत्रच करतं."

"त्यात काही खर्च होते? काही सरते? कोणाचं कमी होते?"

"नाही. कोणाचंच काही कमी होत नाही."

शेवंता उभीच राहिली. ती आणखी काहीतरी विचारेल असं सगळ्यांना वाटलं. विशाखालाही वाटलं, आणि ती त्या प्रश्नाची वाट पाहत ताठ उभी राहिली. पण शेवंता तिच्यापासून नजर काढून अधिकारी बाईंकडे वळली.

"हे शेवटचं लिहा, बाई," ती म्हणाली. "कोणाचंच काही कमी होत नव्हतं. तेवढं मोठ्या अक्षरात लिहा."